वेळ वाचतो जाणाऱ्याचा, जागा जाते राहणाऱ्याची

शहरात नवा उड्डाणपूल किंवा रस्त्याचं रुंदीकरण मंजूर होतं, तेव्हा त्यामागच्या अहवालात एक गणित असतं. या रस्त्यावरून रोज इतक्या गाड्या जातात, प्रत्येकीची इतकी मिनिटं वाचतील, एका मिनिटाची किंमत इतकी. गुणाकार करायचा, वीस-तीस वर्षांची बेरीज करायची, आणि ती रक्कम बांधकामाच्या खर्चापेक्षा जास्त निघाली की प्रकल्प फायद्याचा ठरतो. जगभरातल्या रस्ते प्रकल्पांचे हिशेब उघडून पाहिले, तर फायद्याच्या बाजूला सर्वांत मोठा आकडा बहुधा या वाचलेल्या वेळेचाच असतो.

गणितात चूक नसते, पण ते अर्धंच मांडलेलं असतं. वस्तीतून गाडीने निघून जाणाऱ्या माणसाची मिनिटं त्यात मोजलेली असतात. त्याच रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या आणि पलीकडच्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलाला सिग्नलपाशी किती ताटकळावं लागेल, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पादचारी पुलाचे किती जिने चढावे लागतील, ही मिनिटं त्या बेरजेतून सहसा वजा होत नाहीत. वाहतूक धोरण म्हटलं की आपल्याला पूल, मेट्रो, बस दिसतात. मला विचाराल तर ते शहरातल्या जागेचं वाटप आहे. आणि वाटप म्हटलं की कुणाच्या पदरात काय पडलं आणि कुणाच्या हातून काय गेलं, हे विचारायलाच हवं.

पण आधी, तो वेळ खरोखर वाचतो का?

रुंद रस्त्यावरची तीच कोंडी

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा कॅटी फ्रीवे हे या विषयातलं ठरलेलं उदाहरण. अफाट खर्च करून तो रुंद केला गेला, काम 2008 साली पुरं झालं. बाजूचे सेवारस्ते धरले तर काही ठिकाणी त्याच्या 26 लेन भरतात. सुरुवातीला रस्ता मोकळा वाटला. मग 2011 ते 2014 या तीन वर्षांतच गर्दीच्या वेळचा सकाळचा प्रवास सुमारे 30 टक्क्यांनी आणि संध्याकाळचा सुमारे 55 टक्क्यांनी लांबला.

हे असं का होतं? रस्त्यावर आज ज्या गाड्या दिसतात, तेवढ्याच लोकांना तिथून जायचं असतं असं नाही. कोंडीला कंटाळून कुणी तासभर आधी घर सोडतं, कुणी आडवाटेने जातं, कुणी ट्रेन धरतं, कुणी ते काम फोनवरच उरकतं. रस्ता मोकळा झाल्याची खबर लागली की यातले बरेच जण पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला हजर होतात. एवढं तर काही महिन्यांतच घडतं. दुसरा बदल सावकाश होतो, पण त्याचं ओझं जास्त. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवरची जमीन एकदम ‘अर्ध्या तासावर’ येते, तिथे घरं उठतात आणि त्या घरांतल्या माणसांना दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. दहाएक वर्षांनी कोंडी पूर्वीइतकीच होते. तिच्यात अडकणारी माणसं वाढलेली असतात आणि त्यांची घरं लांब गेलेली असतात.

अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने 1962 मध्येच हे मांडलं होतं. पुढे 2011 मध्ये जिल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गांच्या लेनची एकूण लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, साधारण तितक्याच टक्क्यांनी गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढतं, असं त्यांना आढळलं. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मेट्रोवाले फारशी सांगत नाहीत: सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही गाड्यांचं एकूण अंतर कमी झालेलं दिसलं नाही. एक माणूस गाडी सोडून बसमध्ये बसला, की रस्त्यावर त्याने मोकळी केलेली जागा दुसरी गाडी घेते. म्हणून बस-मेट्रो निरुपयोगी ठरत नाहीत, आणि नवा रस्ताही निरुपयोगी नसतो. जास्त माणसं जास्त ठिकाणी पोचतात, हा फायदा खराच आहे. पण ‘कोंडी फुटेल’ हे वचन टिकत नाही, आणि घरं पाडताना लोकांना दिलेलं असतं ते नेमकं हेच वचन.

याच्या उलटही घडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदराकाठी एम्बार्काडेरो नावाचा दुमजली उन्नत महामार्ग होता. तो पाडावा का, असं 1986 मध्ये मतदारांना विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितलं. सगळं शहर ठप्प होईल अशी धास्ती होती. 1989 च्या भूकंपात तो खिळखिळा झाला आणि 1991 मध्ये पाडावाच लागला. शहर ठप्प झालं नाही. काही गाड्या इतर रस्त्यांवर पांगल्या, काही फेऱ्या झाल्याच नाहीत, आणि किनारा पुन्हा लोकांच्या वावरात आला.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलने तर हे ठरवून केलं. चोंगेचॉन हा ओढा काँक्रीटखाली गाडून त्यावर रस्ता आणि त्याच्याही वर उन्नत महामार्ग उभा होता. 2003 मध्ये तो पाडायला सुरुवात झाली आणि 2005 मध्ये जवळपास सहा किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा झाला. मधल्या काळात, 2004 साली, शहराने बसमार्गांची फेरआखणी करून रस्त्यांच्या मधोमध बससाठी राखीव मार्ग आखले. ओढ्याचे फोटो सगळे दाखवतात, बसचं हे काम कुणी दाखवत नाही. पण ते झालं नसतं तर रस्ता काढणं जड गेलं असतं. आणखी एक गोष्ट फोटोत येत नाही. त्या उन्नत रस्त्याच्या आसपास शेकडो फेरीवाले धंदा करत होते. त्यांना एका जुन्या स्टेडियममध्ये हलवलं गेलं आणि काही वर्षांनी ते स्टेडियमही पाडलं गेलं. रस्ता बांधताना लोक हलवले जातात तसे रस्ता काढतानाही हलवले जातात.

रेघ कुणाच्या घरावरून जाते

न्यूयॉर्कमधला क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे दाट वस्ती चिरत नेलेला रस्ता आहे. 1948 मध्ये काम सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने पुढची दोन दशकं चाललं. त्यामागचे कर्ते होते रॉबर्ट मोझेस, निवडणूक जिंकून कधीही पदावर न आलेले पण शहराच्या बांधकामावर अनेक दशकं हुकूमत गाजवणारे अधिकारी. ईस्ट ट्रेमाँट या भागात केवळ मैलभराच्या पट्ट्यात सुमारे दीड हजार कुटुंबांची घरं गेली. रहिवाशांनी थोडा बाजूने जाणारा पर्यायी मार्ग सुचवला होता, त्यात मोजक्याच इमारती पडल्या असत्या. तो मान्य झाला नाही.

अशी रेघ नेमक्या याच वस्त्यांवरून का जाते, याची कारणं फार गूढ नाहीत. जिथे जमीन स्वस्त तिथे भूसंपादनाचा खर्च कमी, म्हणजे वर सांगितलेलं गणित लगेच जुळतं. जिथले लोक गरीब, तिथून वकील आणि आमदार उभे राहण्याची भीती कमी. अमेरिकेत यात वंशभेदाची भर पडली. सेंट पॉलमधलं राँडो, मायामीतलं ओव्हरटाउन, न्यू ऑर्लिन्समधला क्लेबोर्न अव्हेन्यू हे कृष्णवर्णीयांच्या घरांचे आणि धंद्यांचे भरभराटीचे भाग होते, आणि महामार्ग त्यांच्यातूनच गेले. शिवाय 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा 90 टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला होता. दहा टक्क्यांत रस्ता मिळत असताना कुठला महापौर नाही म्हणेल? अमेरिकी सरकारच्याच आकड्यांनुसार पुढच्या वीस वर्षांत या महामार्गांमुळे पावणेपाच लाखांहून अधिक कुटुंबं, म्हणजे दहा लाखांवर माणसं, विस्थापित झाली.

मोबदला मिळाला तो प्रामुख्याने मालकाला. भाडेकरू आणि पोटभाडेकरू, गल्लीतल्याच गिऱ्हाइकांवर चालणारी दुकानं, यांच्यासाठी देशभर एकसारखे पुनर्वसनाचे नियम घालून देणारा कायदा 1970 साली आला. तोवर बरेचसे रस्ते होऊन गेले होते.

घर न गेलेल्यांचंही नुकसान होतं, पण ते कुठल्याच बाधितांच्या यादीत येत नाही. दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं पलीकडे राहतात, शाळेच्या हद्दीतली निम्मी मुलं पलीकडून येतात, दवाखाना पलीकडे. आधी दोन मिनिटांत ओलांडायचा रस्ता आता अर्धा किलोमीटर वळसा घालून ओलांडावा लागतो. मग माणसं पलीकडे जाणंच कमी करतात. दुकान बंद पडतं, त्याची नोंद मंदी म्हणून होते.

रस्ता तोच, वर्दळ वेगळी

घर न पाडता, एक वीटही न हलवता वस्ती कशी पोखरली जाते, हे डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने मोजून दाखवलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. घरं साधारण सारखी, फरक गाड्यांचा. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे 2,000, दुसऱ्यावरून 8,000, तिसऱ्यावरून 16,000. रहिवाशांना विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी वर्दळीच्या रस्त्यावर सरासरी तीन निघाले, भरगच्च रस्त्यावर एकाहून कमी. ओळखीची माणसं तिथे सहाच्या वर, इथे तीन.

आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला, तो मला जास्त बोलका वाटतो. नकाशावर ‘आपलं’ वाटतं तेवढं आखून दाखवा. शांत रस्त्यावरच्या लोकांनी सबंध रस्ता आखला. वर्दळीच्या रस्त्यावरच्या अनेकांनी आपली इमारत, काहींनी तर फक्त आपलं घर. पुढची खोली बंद, खिडक्या बंद, मुलं मागच्या बाजूला. हेच ॲपलयार्ड 1982 मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली सापडून वारले.

गाड्यांच्या संख्येइतकाच त्यांचा वेगही महत्त्वाचा. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर आघात चौपट. त्यामुळे ताशी 30 किलोमीटरने आलेल्या गाडीची धडक माणूस बहुधा सोसतो, 60 ने आलेल्या गाडीच्या धडकेत जीव जाण्याचा धोका कितीतरी जास्त. स्पेनने 2021 पासून देशभरातल्या शहरांत, जिथे प्रत्येक दिशेला एकच लेन आहे अशा रस्त्यांवर, 30 ची मर्यादा घातली. यात गाडीवाल्याचा वेळ समजतो तितका जात नाही, कारण शहरातला बराचसा वेळ सिग्नलला आणि चौकातच जातो.

पार्किंगबद्दल थोडक्यात. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ उभी असते, आणि उभ्या गाडीला येण्याजाण्याच्या वाटेसकट पंचवीस-तीस चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एका लहानशा घराएवढी. अनेक शहरांचे बांधकाम नियम प्रत्येक सदनिकेमागे इतकं पार्किंग हवंच असं सांगतात, आणि तो खर्च घराच्या किमतीत जातो. गाडी नसलेला माणूसही तो भरतो. मेक्सिको सिटीने 2017 मध्ये हा नियम उलटा केला: किमानऐवजी कमाल मर्यादा. जपानमध्ये 1962 च्या कायद्यापासून पायंडा असा की गाडी घ्यायची तर ती ठेवायला जागा असल्याचा दाखला आधी दाखवायचा. दोन्ही नियम कागदावरचे, एक पैसा बांधकामाला लागत नाही, आणि गल्लीचं रूप मात्र पुलापेक्षा जास्त बदलतात.

मेट्रो आली, भाडं वाढलं

इथवर वाचून कुणाला वाटेल की रस्ते वाईट आणि मेट्रो चांगली, एवढाच विषय आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. चांगली वाहतूक वस्तीत आली की तिथली जमीन महागते, आणि महागलेली जमीन जुन्या भाडेकरूला बाहेर ढकलते. ज्याला बसची सर्वाधिक गरज तो बसच्या थांब्यापासून लांब जातो, आणि थांब्याशेजारच्या नव्या इमारतीत दोन गाड्यांचं कुटुंब राहायला येतं.

अटलांटा शहराभोवती जुन्या रेल्वेमार्गांचं साधारण 35 किलोमीटरचं कडं आहे. त्यावर पायवाटा, बागा आणि वाहतूक आणण्याची कल्पना रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने 1999 मध्ये आपल्या प्रबंधात मांडली. शहराने ती उचलली, पायवाटा झाल्या, लोकांना आवडल्या आणि आसपासची घरं भराभर महागली. 2016 मध्ये ग्रॅव्हेल यांनी प्रकल्पाशी जोडलेल्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला: परवडणाऱ्या घरांकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही म्हणून.

जमिनीची ही वाढलेली किंमत कुणी कमावलेली नसते. ती स्टेशनमुळे येते, आणि स्टेशन लोकांच्या पैशातून उभं राहतं. मग ती कुणाच्या खिशात जावी? हाँगकाँगमध्ये सरकार मेट्रो कंपनीला स्टेशनलगतच्या जमिनीचे विकासहक्क मेट्रो येण्याआधीच्या भावाने देतं. कंपनी तिथे बिल्डरांसोबत टॉवर उठवते आणि फायद्यातून रेल्वेचा खर्च काढते. हिशेब म्हणून योजना चोख आहे, पण भाडेकरूचा प्रश्न तिने सुटत नाही. त्यासाठी व्हिएन्नाकडे पाहावं लागतं. तिथले जवळपास निम्मे रहिवासी नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, त्यामुळे स्टेशन आलं म्हणून भाडं एकाएकी उसळत नाही. शहराच्या कडेला सीस्टाट नावाचं नवं उपनगर वसवताना त्यांनी मेट्रो 2013 मध्येच तिथे नेली. पहिले रहिवासी आले ते त्यानंतर. सुरुवातीला गाड्या रिकाम्या धावल्या आणि टीकाही झाली. पण नव्या घरात राहायला येणाऱ्या माणसाने गाडी घ्यायची की नाही हे पहिल्या काही महिन्यांतच ठरतं, आणि त्या महिन्यांत स्टेशन तयार होतं.

कोलंबियातल्या मेडेयीन शहराने 2004 मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब, हिंसाचाराने गांजलेल्या वस्त्यांना केबलकारने मेट्रोशी जोडलं. सोबत दिवे, पायऱ्या, वाचनालयं, बागा आल्या. नंतरच्या एका अभ्यासात, ज्या वस्त्यांत हे काम झालं तिथे खुनांचं प्रमाण तशाच इतर वस्त्यांच्या तुलनेत 66 टक्के अधिक घटलेलं आढळलं. यात केबलकारचा वाटा किती आणि दिव्यांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला वाटतं काढूही नये. सगळं एकदम केलं, म्हणूनच ते लागू पडलं असावं.

गाड्या वळवल्या तर कुठे जातात

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने 1977 मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. सायकल, बस आणि पायी चालणाऱ्यांना एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येईल. गाडीला मात्र बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन पुन्हा आत यावं लागेल. दुकानदारांनी कडाडून विरोध केला. बंदी कुठेच नव्हती, प्रत्येक घरापर्यंत गाडी जात होती, फक्त मधून आरपार जाण्यात अर्थ उरला नाही. बेल्जियममधल्या गेंटने 2017 मध्ये जवळपास हीच युक्ती वापरली.

ज्यांच्या गल्लीतून आरपार वर्दळ थांबते ते खूश होतात. पण वळवलेल्या गाड्यांपैकी काही तरी शेजारच्या मुख्य रस्त्यावर जाणारच, आणि मुख्य रस्त्याच्या कडेलाही घरं असतात, बऱ्याचदा जास्त गरिबांची. लंडनमध्ये 2020 नंतर अनेक वस्त्यांत अशा योजना आल्या तेव्हा सगळ्यात कडवा वाद याच मुद्द्यावर झाला. मुख्य रस्त्यावरची वर्दळ किती वाढते, याचं उत्तर जागोजागी वेगळं येतं. म्हणून अशा योजनेची बैठक लागली की आतल्या गल्लीतल्या लोकांआधी कडेच्या रस्त्यावरच्यांना बोलवायला हवं. प्रत्यक्षात होतं बहुधा उलटं.

गाड्या वळवण्याऐवजी त्यांची संख्याच कमी करायची तर रस्त्यावर शुल्क लावणं हा रोकडा उपाय. सिंगापूरने तो 1975 मध्ये सुरू केला, लंडनने 2003 मध्ये. स्टॉकहोमची गोष्ट त्यातल्या त्यात शिकण्यासारखी, कारण तिथे आधी करून पाहिलं आणि मग लोकांना विचारलं. जानेवारी 2006 मध्ये सात महिन्यांची चाचणी सुरू झाली तेव्हा बहुमत विरोधात होतं. मध्यभागात ये-जा करणाऱ्या गाड्या सुमारे 20 टक्क्यांनी घटल्या. चाचणी संपली आणि त्यातल्या बहुतेक परत आल्या, त्यामुळे फरक लोकांना दोनदा दिसला. सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहराने थोड्या बहुमताने होकार दिला. भोवतालच्या अनेक नगरपालिकांनी आपापलं मतदान घेतलं, तिथे नकार आला: शुल्क त्यांच्या रहिवाशांना भरायचं होतं आणि मोकळे रस्ते शहरवाल्यांना मिळायचे होते. 2007 मध्ये सरकारने शुल्क कायम केलं. त्याचा पैसा आधी रस्त्यांकडे वळवला गेला, त्यात शहराला पश्चिमेकडून वळसा घालणारा, बहुतांश बोगद्यातून जाणारा 21 किलोमीटरचा नवा महामार्गही होता. मेट्रोच्या विस्ताराला त्यातून पैसा द्यायचं ठरलं ते 2013 मध्ये, आणि त्यासाठी शुल्क वाढवावं लागलं.